दोनशे रुपयांचा स्वल्पविराम

पुतण्याची मुलगी अमरावतीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकते. वसतिगृहातल्या जेवणाला कंटाळली, की रविवारी आमच्याकडे येते. आल्याबरोबर आधी स्वयंपाकघरात शिरायचे, कढईवरचे झाकण उघडून पाहायचे आणि मग माझ्याशी बोलायचे, हा तिचा ठरलेला क्रम. गेल्या महिन्यात आली ती मात्र थेट माझ्या खुर्चीपाशी. चेहरा उतरलेला.

‘‘आबा, तुम्ही बँकेत असताना सी शिकला होतात ना?’’

‘‘शिकलो होतो. विसरलोही आहे.’’

‘‘मग सांगा. क्ष बरोबर एक, स्वल्पविराम, दोन, स्वल्पविराम, तीन. क्ष किती?’’

‘‘एक.’’

ती पाहतच राहिली. आदल्या दिवशी एका कंपनीच्या मुलाखतीत हाच प्रश्न तिला विचारला गेला होता. तिने उत्तर दिले होते, ‘‘तिन्ही.’’ मुलाखत घेणारा गृहस्थ त्यावर नुसता हसला, चूक आहे असेही म्हणाला नाही, आणि पुढच्या मुलाला बोलावले. मुलाखत गेल्याचे तिला दुःख होतेच, पण खरी बोच त्या हसण्याची होती.

‘‘तुम्हाला इतकं पटकन कसं आलं?’’ तिने विचारले.

‘‘त्या स्वल्पविरामाचे दोनशे रुपये पडले होते, म्हणून लक्षात राहिलं,’’ मी म्हणालो. ती गोष्ट तिला मी जेवणानंतर सांगितली. वाचकांनाही थोडे थांबावे लागेल, कारण आधी त्या स्वल्पविरामाची ओळख करून घ्यायला हवी. संगणकाचे नाव काढताच पान उलटणाऱ्यांना विनंती, की इतक्यात उलटू नये. पुढे दळण आहे, सांबार आहे आणि रिद्धपूरही आहे.

आमच्या लहानपणी संध्याकाळी आई हुकूम सोडायची, ‘‘चक्कीवर दळण टाकून, पोस्टाच्या पेटीत पत्र टाकून, बाजारातून सांबार आण.’’ (वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी आमटी आणायला भांडे शोधू नये.) तासाभराने मी घरी यायचो तेव्हा हातात काय असायचे? फक्त सांबाराची जुडी. दळण चक्कीवर, पत्र पेटीत. ही दोन्ही कामे झालेली असत, सांगितलेल्या क्रमानेच झालेली असत, पण घरात यायचा तो शेवटच्या कामाचा ऐवज.

सी या संगणकभाषेतला स्वल्पविराम, ज्याला पुस्तकात कॉमा ऑपरेटर म्हणतात, तो नेमका आईचा हा हुकूम आहे. त्याच्या डावीकडे एक काम, उजवीकडे एक काम. यंत्राने आधी डावीकडचे पूर्ण करायचे. त्या कामातून जी किंमत निघेल ती टाकून द्यायची. मग उजवीकडचे करायचे, आणि त्यातून निघेल ती सगळ्या पदावलीची किंमत समजायची. अशी कितीही कामे ओळीने लावता येतात. कामे सगळी होतात, किंमत शेवटच्याची राहते.

मग चिमुरडीच्या प्रश्नाचे उत्तर ‘तीन’ यायला हवे, असे चाणाक्ष वाचक म्हणतील. बरोबर आहे. पण इथे शाळेतले ‘कंचेभागुबेव’ आडवे येते. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा मान आपण पाठ केला होता. सी भाषेतही असा मानाचा क्रम आहे आणि त्यात स्वल्पविराम पंगतीच्या अगदी शेवटच्या पाटावर बसतो. ‘बरोबर’ हे चिन्हसुद्धा त्याच्या वरच्या पाटावर. म्हणून ‘क्ष = १, २, ३;’ असे लिहिले, की यंत्र आधी ‘क्ष = १’ एवढे उरकते. उरलेले २ आणि ३ पाहते, आणि सोडून देते. क्ष मध्ये १. तेच ‘क्ष = (१, २, ३);’ असे कंसात लिहिले, तर कंसाचा मान पहिला, आतली शेवटची किंमत ३, म्हणून क्ष मध्ये ३. (यंत्राला ही अक्षरे रोमन लागतात. आपल्यासाठी मी ती आपल्या लिपीत लिहितो आहे.)

आणि ‘तिन्ही’ हे तिचे उत्तर? तेही वेडेपणाचे नव्हते. आजकालची मुले पायथॉन ही भाषा आधी शिकतात. गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थाने ती १९९१ साली प्रसिद्ध केली. तिच्यात हीच ओळ लिहिली, तर स्वल्पविराम तिन्ही आकडे एका पुरचुंडीत बांधतो आणि पुरचुंडी क्ष च्या हाती देतो. म्हणजे ओळ एक, उत्तरे तीन, आणि तिन्ही आपापल्या घरी बरोबर. मुलाखत घेणाऱ्याने हसण्याऐवजी ‘कुठल्या भाषेत?’ एवढे विचारले असते, तर त्याला एक हुशार मुलगी मिळाली असती. असो. मुलाखत घेणारे तेव्हाही असेच होते.

जेवताना मी तिला म्हणालो, की तुमचा हा कॉमा ऑपरेटर मराठीला मुळीच नवीन नाही. आपल्याकडे तो क्रियापदाच्या शेपटाला चिकटलेला असतो. ‘तो घरी येऊन, हातपाय धुऊन, जेवून झोपला.’ येणे, धुणे, जेवणे आणि झोपणे अशी चार कामे झाली. पण काळ, लिंग, वचन हे सगळे वाहते ते शेवटचे ‘झोपला’. ‘येऊन’वरून आला की आली कळत नाही, काल की उद्या तेही कळत नाही. व्याकरणात याला पूर्वकालवाचक धातुसाधित अव्यय असे भारदस्त नाव आहे. नाव विसरले तरी चालेल, काम लक्षात ठेवावे. ‘ऊन’ म्हणजे आधीचे पुरे झाले, क्रमाने झाले, आता निर्णय शेवटच्यावर.

आणि हा ‘ऊन’ आजचा नाही. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, त्या मराठी गद्याचे हे गाव. त्या गद्यात ‘ऊन’ची जुनी रूपे, शेवटी ऱ्हस्व ‘नि’ लागलेली, पानोपानी भेटतात. स्वल्पविराम मात्र एकही नाही, कारण तेव्हा तो आपल्याकडे नव्हताच. आपल्या पोथ्यांना दंड पुरे होता, आणि मोडी लिहिणाऱ्या कारकुनांना तोही लागत नसे. स्वल्पविराम, अर्धविराम ही मंडळी छापखान्याबरोबर, एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वळणाने मराठीत आली, आणि ती रुळवण्यात मेजर थॉमस कँडी या इंग्रज पंडिताचा मोठा हात होता. त्याआधी सहाशे वर्षे मराठी माणूस ‘ऊन’वर वाक्ये चालवत होता आणि कोणाचाही दम लागत नव्हता. माझ्या पहिल्या कादंबरीच्या मुद्रितशोधकाने एका पानावरचे सतरा स्वल्पविराम खोडले होते. समासात लिहिले होते, ‘ऊन असताना याची काय गरज?’ तेव्हा राग आला होता. आता वाटते, बरोबर होते.

एक फरक मात्र आहे. मराठीत ‘ऊन’ची सगळी कामे सहसा एकाच कर्त्याची असावी लागतात. ‘तो जेवून ती गेली’ असे कोणी म्हणत नाही. सीच्या स्वल्पविरामाला असला सोवळेपणा नाही. डावीकडे कोणीही, उजवीकडे कोणीही.

याचा उपयोग काय, असे आमच्या सौभाग्यवतींनी वरण वाढताना विचारले. प्रश्न रास्त होता. उपयोग असा, की त्या भाषेत काही जागा अशा आहेत जिथे एकच पदावली मावते. उदाहरणार्थ, फेरे घालण्यासाठी ‘फॉर’ नावाची रचना असते. तिच्या कंसात तीन खण. सुरुवात कुठून, कुठवर चालायचे, आणि प्रत्येक फेऱ्याला काय बदलायचे. आता समजा, दहा नावांची यादी उलटी करायची आहे. एक बोट पहिल्या नावावर ठेवायचे, एक शेवटच्या. नावांची अदलाबदल करायची, वरचे बोट एक घर खाली आणि खालचे एक घर वर. बोटे एकमेकांना भेटली की थांबायचे. म्हणजे सुरुवातीच्या एकाच खणात दोन कामे, बदलण्याच्या खणातही दोन. तिथे ‘अ = ०, ब = ९’ आणि ‘अ++, ब--’ असे स्वल्पविरामाने जोडून लिहितात. या चिन्हाचा सर्वांत सरळ, सर्वांत सभ्य वापर हाच. दुसरा वापर ‘नोट घे, मग गड्डी संपली का ते पाहा’ अशा जातीचा. जोवर उजवीकडचे उत्तर ‘नाही’ आहे तोवर फेरे चालू. रोखपाल दिवसभर दुसरे काय करतो?

ही भाषा न्यूजर्सीतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवली. १९७८ साली त्यांनी ब्रायन कर्निघन यांच्याबरोबर तिचे पुस्तक लिहिले. आमच्या भागात मात्र ती भाषा मुलांच्या हाती पडली ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’मुळे. अमरावती, बडनेरा, अकोला, शेगाव, कुठल्याही कॉलेजच्या वसतिगृहात ते पुस्तक नसलेली खोली सापडणे कठीण होते. ‘सगळे ओळीने करा आणि शेवटचे द्या’ ही कल्पना त्याहून जुनी आहे. जॉन मॅकार्थींनी १९५८ साली जिची आखणी सुरू केली त्या लिस्प भाषेच्या घराण्यात याच कामासाठी ‘प्रॉग-एन’ आहे, आणि गंमत म्हणजे ‘प्रॉग-वन’ही आहे. ‘प्रॉग-वन’ कामे सगळी करतो, पण किंमत पहिल्याची जपून ठेवतो. आधी टोकन देऊन मग बाकीचे सोपस्कार करणाऱ्या आमच्या लेजर काउंटरसारखा.

काउंटरचा विषय निघाला म्हणून सांगतो. बँकेत पहिल्या आठवड्यात जुन्या हेडकॅशिअरने मला एक नियम पाठ करायला लावला. पैसे घेताना आधी रोकड, मग नोंद. पैसे देताना आधी नोंद, मग रोकड. क्रम उलटा झाला, तर संध्याकाळी तेरीज जुळत नाही आणि रात्री घरी जाता येत नाही. क्रम हीच त्या धंद्यातली सुरक्षितता. पितळी टोकन हातात घेऊन बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाला वाटायचे, हे लोक उगाच वेळ काढताहेत. प्रत्यक्षात त्याचा चेक खतावणीत नावे पडत असे, अधिकारी सही ताडून पाहत असे, आणि मगच त्याच्या नंबराचा पुकारा होत असे.

सीमध्ये या क्रमाची हमी दर वेळी मिळत नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. दोन कामांच्या मध्ये अधिकचे चिन्ह असेल, तर कुठले काम आधी करायचे हे यंत्राच्या मर्जीवर. स्वल्पविराम असेल, तर डावीकडचे आधी, ही लेखी हमी. पण इथेच खरी मेख आहे. तोच स्वल्पविराम एखाद्या कार्याला आकडे पुरवताना, कंसात आकड्यांच्या मध्ये आला, तर तो ऑपरेटर नसतोच. तिथे तो नुसता कुंपणाचा खांब. त्याच्या अलीकडचे आधी की पलीकडचे, काही हमी नाही. चिन्ह एक, वेष एक, पण एक सरकारी अंमलदार आणि दुसरा नाटकातला. आमच्याकडच्या परीक्षांत वर्षानुवर्षे एक लाडका प्रश्न होता. छापण्याच्या एकाच कंसात एकच आकडा दोनदा वाढवायचा आणि विचारायचे, काय छापले जाईल? निळ्या पडद्याच्या टर्बो सी वर उजवीकडून डावीकडे हिशोब होई. मुलांनी तोच धर्म मानला. वास्तविक त्या प्रश्नाला उत्तरच नाही, भाषेच्या नियमांनी ते वाऱ्यावर सोडले आहे.

आणखी एक धोका मला बँकेतला म्हणून जास्त टोचतो. साहेब कारकुनाला म्हणतात, ‘‘सही पाहून पैसे दे.’’ शहाणा कारकून सही पाहतो, जुळली तरच पैसे देतो. यंत्र शहाणे नसते. ते सही पाहील, ‘जुळत नाही’ असे उत्तर येईल, ते उत्तर शांतपणे टाकून देईल आणि पैसे मोजील. कारण स्वल्पविरामाचे कामच मुळी डावीकडचे उत्तर टाकून देणे. ‘सही जुळल्यास पैसे दे’ असे म्हणायचे असेल, तर दुसरे चिन्ह आहे, दोन अँपरसँडचे. ते डावीकडचे उत्तर होकारार्थी आले तरच उजवीकडे वळते. ‘पाहून’ आणि ‘जुळल्यास’ यांतला फरक माणसाला संदर्भाने कळतो. यंत्राला तो लिहून द्यावा लागतो.

आता ते दोनशे रुपये.

१९९२ साल. मी अकोल्याच्या एका शाखेत अधिकारी होतो, वय तेहतीस. १९८४ च्या रंगराजन समितीनंतर बँकांत यंत्रे येऊ लागली होती, आणि आता आपल्या नोकऱ्या जाणार अशी चर्चा चहाच्या गाडीवर रोज होई. मी ठरवले, शत्रूची भाषा शिकून घ्यावी. टिळक रोडवरच्या एका खाजगी क्लासात संध्याकाळी सात ते आठ सी शिकू लागलो. बडनेऱ्याची गाडी सुटे, घरची बोलणी बसत, पण नाद लागला होता.

शाखेतल्या कर्मचाऱ्यांची एक छोटी पतपेढी होती आणि मी तिचा सचिव. सभासदांच्या ठेवींवर त्या वर्षी साडेबारा टक्के व्याज ठरले होते. ठेवीदार चाळीसेक, एकूण ठेवी ८ लाख ६० हजार. हा हिशोब दर वर्षी दोन रात्री जागून हाताने होत असे. मी जाहीर केले, की यंदा तो कॉम्प्युटर करील. क्लासातले यंत्र तासाच्या भाड्याने घेतले, प्रोग्राम लिहिला. त्या यंत्राच्या पूर्णांकाच्या खणात ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही, हे मला माहीत होते. म्हणून रकमांसाठी मी अपूर्णांकाचे मोठे खण वापरले होते आणि या हुशारीवर मी इतका खूश होतो, की बाकीचे तपासायचे राहून गेले. यादी छापून निघाली, कडेला भोकांची पट्टी असलेल्या त्या लांबलचक कागदावर. नोटीस बोर्डावर ती लावली तेव्हा लोक व्याजापेक्षा कागदाकडे कौतुकाने पाहत होते. दोन दिवसांत सात जणांनी सही करून व्याज उचलले.

तिसऱ्या दिवशी मामा आले. आमच्या शाखेतून आदल्या वर्षी निवृत्त झालेले दफ्तरी. मॅनेजरपासून कॅन्टीनच्या पोऱ्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. शिक्षण चौथी. फंडातले चाळीस हजार त्यांनी पतपेढीत ठेवले होते आणि व्याजातून बार्शीटाकळीकडच्या शेतातली मोटार दुरुस्त करायची होती. व्याज त्यांनी आदल्या दिवशीच नेले होते. ते पाकीट घेऊन ते परत आले, माझ्या टेबलासमोर उभे राहिले. खुर्चीवर ते कधी बसत नसत.

‘‘साहेब, साडेबारा टक्के म्हंजे रुपयाले दोन आणे ना?’’

मी मनात हिशोब केला. सोळा आण्यांतले दोन, म्हणजे आठवा हिस्सा, म्हणजे साडेबारा टक्के. ‘‘हो मामा, बरोबर.’’

‘‘मंग चाळीस हजाराचे पाच हजार झाले. हे अठ्ठेचाळीसशे काहून?’’

त्या क्षणी मी जे बोललो, ते मला आजही आठवते आणि आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. मी म्हणालो, ‘‘मामा, हा हिशोब कॉम्प्युटरनं केला आहे. त्यात चूक होत नसते.’’

मामांनी मान डोलावली. ‘‘असंन. माह्या दोन आण्यातही चूक नाई.’’ आणि पाकीट टेबलावर ठेवून ते दाराजवळच्या बाकावर जाऊन बसले.

मी कागद काढला आणि शाळकरी पोरासारखा हिशोब केला. पाच हजार. दुसऱ्या ठेवीदाराचा केला, तिथेही कमी. संध्याकाळी प्रोग्रामची छापील प्रत घेऊन बसलो. शंभर ओळीही नव्हत्या. तीन तास पाहत होतो. दराची ओळ मी किमान वीस वेळा वाचली असेन आणि दर वेळी ती मला बरोबर दिसली. प्रिंटरची फीत झिजलेली होती. शेवटी क्लासातल्या यंत्राच्या पडद्यावर ती ओळ पाहिली तेव्हा कळले. ‘दर = १२.५’ असे लिहायच्या जागी मी ‘दर = १२,५’ असे लिहिले होते. कळफलकावर स्वल्पविराम आणि टिंब शेजारीशेजारी असतात. बोट एक घर घसरले होते.

यंत्राने काय केले असेल ते आता वाचकांनीच सांगावे. ‘दर = १२’ एवढे उरकले. मग ५ पाहिले, आणि सोडून दिले. चूक म्हणून ओरडले नाही, कारण भाषेच्या दृष्टीने ती चूक नव्हतीच. खण तयार करण्याच्या ओळीतच मी तो दर लिहिला असता, तर तिथे स्वल्पविराम नुसता कुंपणाचा खांब म्हणून वाचला जातो. पाचाचा अर्थ न लागून यंत्र तिथेच अडले असते आणि मी वाचलो असतो. पण मी दर वेगळ्या ओळीत भरला होता. तिथे स्वल्पविराम अंमलदार झाला आणि अर्धा टक्का त्याने कायदेशीर मार्गाने केराच्या टोपलीत टाकला. चाळीस हजारांवर दोनशे, सगळ्या ठेवींवर ४,३००.

व्याज नेलेल्या सात जणांत आम्ही तीन अधिकारी होतो. आयुष्यभर दुसऱ्यांचे व्याज काढणारे. एकाच्याही लक्षात आले नव्हते. लक्षात आले ते ज्याला दोन आणे ठाऊक होते त्याच्या.

दुसऱ्या दिवशी मी पतपेढीच्या समितीला लेखी कळवले, बोर्डावरचा कागद काढला, हाताने केलेली यादी लावली. त्या वेळी वरिष्ठांकडून जे ऐकावे लागले ते इथे लिहिण्याची गरज नाही. मामांच्या घरी शनिवारी स्वतः गेलो. दोनशे रुपये दिले, काय झाले ते सांगितले. त्यांनी नोटा मोजल्या, आत ठेवल्या आणि मला विचारले, ‘‘म्हंजे फुल्यात अन् बिंदीत गल्लत झाली म्हना?’’ फुली नव्हे, स्वल्पविराम, असे सांगायला मी तोंड उघडले आणि मिटले. चहा चांगला होता.

ही गोष्ट संपेपर्यंत मुलीने मांडीवर लॅपटॉप उघडला होता. तिने तीच ओळ लिहिली, ‘दर = १२,५;’. चालवली. पडद्यावर १२ आणि त्यापुढे सहा शून्ये. तेहतीसएक वर्षांत यंत्रे कुठच्या कुठे गेली, तो स्वल्पविराम तसाच बसून आहे. मग तिने काहीतरी खूण जोडून, सगळ्या सूचना दाखव, असे यंत्राला सांगितले. तेव्हा मात्र ते कुरकुरले, की या स्वल्पविरामाच्या उजवीकडच्या गोष्टीचा काही परिणाम होत नाही. न विचारता बोलायचे नाही, ही सवय त्याचीही जुनीच.

पुढच्या काळात भाषा घडवणाऱ्यांनी यातून आपापला बोध घेतलेला दिसतो. १९९५ साली आलेल्या जावाने हा ऑपरेटर घरात घेतलाच नाही. फक्त ‘फॉर’च्या ओसरीवर त्याला दोन कामे मांडण्याची मुभा दिली. जावास्क्रिप्टने मात्र त्याला तसाच ठेवला. सीच्या कुटुंबातल्या सी प्लस प्लसमध्ये एक जुनी खोड होती. समजा, कापसाच्या भावांचा तक्ता आहे, आडवे तालुके, उभे महिने. त्यातला एक भाव काढायला कोणी ‘भाव[तालुका, महिना]’ असे साध्या मनाने लिहिले, की यंत्र तालुका टाकून द्यायचे आणि महिन्याचा आकडा घेऊन भलत्याच ओळीकडे जायचे. मूर्तिजापूर विचारावे आणि मार्च मिळावा, असा प्रकार. २०२० च्या प्रमाणपत्रिकेत त्यांनी कंसातला असा वापर टाळावा असे म्हटले आणि २०२३ च्या प्रमाणपत्रिकेत त्या जागी स्वल्पविरामाला ‘हाही आकडा घे, तोही घे’ असा नवा अर्थ दिला. एवढ्याशा चिन्हाची बदली करायला किती वर्षे लागली पाहा. बँकेत आमची तीन वर्षांत होत असे.

‘‘आबा, आणि मामांचं पुढे काय झालं?’’ लॅपटॉप मिटताना मुलीने विचारले.

पुढच्या वर्षी मामा पुन्हा आले. प्रोग्राम मी दुरुस्त केला होता, तीन जणांनी तपासला होता, यादी अजून बोर्डावर लागायची होती. ते टेबलासमोर उभे राहिले.

‘‘औंदा टक्के किती, साहेब?’’

‘‘तेरा, मामा.’’

‘‘तेराचे आणे काई जमत नाई,’’ ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच समोरच्या खुर्चीवर बसले. डोळे मिटून बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवू लागले. ‘‘चाळीस हजार म्हंजे चारशे शेकडे. तेरा चोक बावन्न... बावन्नशे.’’ मग डोळे उघडून हात पुढे केला. ‘‘हं. आता दाखवा तुमचा कागुद.’’